फ्लॅगशिप स्मार्टफोनची वाढती किंमत आणि उपयोगिता : एक आर्थिक विवेचन

सारांश :
गेल्या काही वर्षांत सर्वोच्च श्रेणीच्या स्मार्टफोनची किंमत भारतात एक लाख रुपयांच्या पुढे गेली आहे. ही किंमत वस्तूच्या उपयोगितेशी सुसंगत आहे काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. किंमतवाढीचे स्वरूप, तिच्यामागील तांत्रिक व करविषयक कारणे, घटती सीमांत उपयोगिता, फोनचे आयुर्मान आणि प्रतिष्ठेसाठी होणारा उपभोग या पाच अंगांनी विवेचन केले आहे. 'महाग फोन अधिक वर्षे टिकतो, म्हणून तो शेवटी स्वस्तच पडतो' हा सर्वपरिचित युक्तिवाद हिशेबाच्या कसोटीवर टिकत नाही, हे लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजशब्द : स्मार्टफोन, फ्लॅगशिप, सीमांत उपयोगिता, घसारा, वार्षिक खर्च, प्रदर्शनीय उपभोग.

१. प्रस्तावना

एकेकाळी केवळ संभाषणाचे साधन असलेला भ्रमणध्वनी आज बँक, वाचनालय, कॅमेरा, टपालपेटी आणि कार्यालय अशी अनेक कामे एकाच वेळी करतो. महाविद्यालयीन जीवनही त्याला अपवाद नाही. प्रवेश अर्ज, शिष्यवृत्ती, परीक्षेचे वेळापत्रक, 'स्वयम्'वरील अभ्यासक्रम, 'डिजिलॉकर'मधील गुणपत्रिका आणि यूपीआयद्वारे भरावयाचे शुल्क या सर्वांसाठी विद्यार्थ्याला व प्राध्यापकाला स्मार्टफोन लागतो. स्मार्टफोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, ती आवश्यक वस्तू झाली आहे.

परंतु स्मार्टफोन आवश्यक आहे, यावरून महाग स्मार्टफोन आवश्यक आहे असा निष्कर्ष निघत नाही. बाजारात १५ हजार रुपयांचा फोन मिळतो आणि दीड लाख रुपयांचाही मिळतो. दोन्ही फोनवर वर उल्लेखिलेली सर्व कामे होतात. मग किमतीतील दहापट अंतर कशासाठी मोजावयाचे, हा प्रश्न स्वाभाविकपणे निर्माण होतो. सातव्या वेतन आयोगानुसार नवनियुक्त सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन दरमहा रु. ५७,७०० आहे. २०२५ मध्ये आयफोन १७ प्रो या फोनची भारतातील प्रारंभिक किंमत रु. १,३४,९०० होती. म्हणजे एका फोनसाठी दोन महिन्यांहून अधिक काळाचे मूळ वेतन खर्ची पडते. तासिका तत्त्वावर काम करणारे अध्यापक आणि हप्त्यांवर फोन घेणारे विद्यार्थी यांच्या बाबतीत हा भार याहूनही मोठा ठरतो. म्हणूनच या विषयाची चिकित्सा आवश्यक वाटते.

२. उद्दिष्टे आणि अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(१) फ्लॅगशिप फोनच्या किंमतवाढीचे खरे स्वरूप स्पष्ट करणे.
(२) या किमतीत तंत्रज्ञान, कर व विनिमय दर यांचा वाटा समजून घेणे.
(३) किंमत आणि उपयोगिता यांचा संबंध वार्षिक खर्चाच्या आधारे तपासणे.
(४) कोणत्या ग्राहकासाठी असा फोन योग्य ठरतो, याविषयी निष्कर्ष मांडणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. कंपन्यांनी जाहीर केलेल्या किमती आणि शासनाचे कर व अन्य निर्णय यांचा आधार घेतला आहे. वार्षिक खर्चाचे उदाहरण काल्पनिक असून त्यातील गृहीतके त्या त्या ठिकाणी नमूद केली आहेत.

३. 'फ्लॅगशिप' या संज्ञेचा अर्थ

'फ्लॅगशिप' हा शब्द मूळचा नौदलातील होय. ताफ्यातील ज्या जहाजावर सेनापतीचा ध्वज फडकतो, ते फ्लॅगशिप. स्मार्टफोनच्या व्यापारात कंपनीने त्या वर्षी बाजारात आणलेल्या सर्वोत्तम फोनला हे नाव दिले जाते. कंपनीजवळील सर्वांत वेगवान प्रोसेसर, सर्वोत्तम पडदा आणि सर्वाधिक क्षमतेचा कॅमेरा यांचा त्यात समावेश असतो. ॲपलची आयफोन प्रो मालिका, सॅमसंगची गॅलेक्सी एस मालिका, गुगलची पिक्सेल मालिका ही त्याची ठळक उदाहरणे आहेत.

ही संज्ञा सापेक्ष आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. आजचा फ्लॅगशिप पुढील वर्षी जुना ठरतो. त्याची कार्यक्षमता त्यामुळे कमी होत नाही, मात्र 'सर्वोत्तम' हे विशेषण त्याच्याकडून काढून घेतले जाते. किमतीचा किती भाग कार्यक्षमतेसाठी आणि किती भाग या विशेषणासाठी दिला जातो, हाच पुढील विवेचनाचा गाभा आहे.

४. किंमत खरोखर किती वाढली?

पहिला आयफोन जून २००७ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला, तेव्हा त्याची किंमत ४९९ व ५९९ डॉलर होती. २०१६ मधील आयफोन ७ ची किंमत अमेरिकेत ६४९ डॉलर, तर भारतात रु. ६०,००० होती. त्यानंतर २०१७ मध्ये आयफोन १० अर्थात आयफोन एक्स ९९९ डॉलर किमतीला आला आणि भारतात त्याची किंमत रु. ८९,००० ठरली. एकाच वर्षात झालेली ही उडी स्मार्टफोनच्या इतिहासात निर्णायक ठरली. हजार डॉलरचा फोनही लोक विकत घेतात, हे त्यावरून सर्वच कंपन्यांच्या ध्यानात आले. सॅमसंगचा गॅलेक्सी एस ८ हा फोन २०१७ मध्ये भारतात रु. ५७,९०० ला मिळत होता. २०२४ मध्ये त्याच मालिकेतील एस २४ अल्ट्राची किंमत रु. १,२९,९९९ होती. माफक किमतीत उत्तम फोन देण्यासाठी नावारूपास आलेल्या वनप्लसचा पहिला फोन २०१४ मध्ये रु. २१,९९९ ला, तर वनप्लस १३ हा २०२५ मध्ये रु. ६९,९९९ ला विक्रीस आला.

हे आकडे पाहता किमती सातत्याने वाढत आहेत असेच दिसते. तथापि भाववाढीचा विचार केल्यास चित्र काहीसे बदलते. अमेरिकेत २०१७ चे ९९९ डॉलर २०२४ मधील सुमारे १,२८० डॉलरच्या बरोबरीचे होते. २०२४ मध्ये आयफोन १६ प्रोची किंमत मात्र ९९९ डॉलरच राहिली. म्हणजे वास्तव किंमत कमी झाली. भारतात याच काळात ग्राहक किंमत निर्देशांक सुमारे ४० टक्क्यांनी वाढला. त्या हिशेबाने २०१७ चे रु. ८९,००० हे २०२४ मधील सुमारे रु. १,२५,००० होतात. आयफोन १६ प्रोची भारतातील प्रारंभिक किंमत रु. १,१९,९०० होती.

यावरून असे दिसते की, एकाच पायरीवरील फोनची वास्तव किंमत २०१७ नंतर फारशी वाढलेली नाही. वाढली आहे ती पायऱ्यांची संख्या. जुन्या सर्वोत्तम फोनच्या वर प्रो, प्रो मॅक्स, अल्ट्रा असे नवे मजले चढविण्यात आले. आयफोन ७ चा खरा वारसदार असलेला साधा आयफोन १६ हा २०२४ मध्ये रु. ७९,९०० ला मिळत होता. २०१६ च्या रु. ६०,००० शी भाववाढ धरून तुलना केल्यास तो स्वस्तच म्हणावा लागेल. ग्राहकाला होणारी किंमतवाढीची जाणीव खरी आहे, परंतु तिचे मोठे कारण 'सर्वोत्तम' या शब्दाचा पत्ता वरच्या मजल्यावर गेला, हे आहे. जो ग्राहक दरवेळी सर्वोच्च फोनच घेऊ इच्छितो, त्याच्यासाठी किंमत वाढते. जो आपल्या गरजेची पायरी धरून राहतो, त्याच्यासाठी ती तितकी वाढत नाही.

५. किमतीचे घटक

(अ) तंत्रज्ञानाचा खर्च : स्मार्टफोनच्या प्रोसेसरमधील सूक्ष्म घटक दिवसेंदिवस अधिक सूक्ष्म होत आहेत. ॲपलने २०२० मध्ये ५ नॅनोमीटर, तर २०२३ मध्ये ३ नॅनोमीटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने बनविलेला प्रोसेसर वापरला. असे प्रोसेसर बनविण्याची क्षमता जगात अगदी मोजक्या कारखान्यांकडे आहे. त्यांना लागणारी अतिनील किरणांवर चालणारी अत्याधुनिक यंत्रे नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी बनविते. स्पर्धा नसल्याने हा खर्च सहजासहजी उतरत नाही. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा सेंटरची मागणी वाढली आणि मेमरी चिपच्या किमतीही चढल्या. ओएलईडी पडदा, टेलिफोटो भिंग, पाण्यापासून संरक्षण आणि टायटॅनियमची चौकट या घटकांनीही खर्चात भर घातली आहे.

(आ) कर : भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने हा घटक महत्त्वाचा आहे. जुलै २०१७ मध्ये आयात मोबाइल फोनवर १० टक्के सीमाशुल्क लागू झाले. डिसेंबर २०१७ मध्ये ते १५ टक्के आणि फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात २० टक्के करण्यात आले. याचा परिणाम आयफोन एक्सच्या किमतीत स्पष्ट दिसतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये रु. ८९,००० ला मिळणारा हा फोन डिसेंबरमध्ये रु. ९२,४३० आणि फेब्रुवारीत रु. ९५,३९० झाला. फोन तोच, कॅमेरा तोच, केवळ कर वाढला. पुढे १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. रु. १,१९,९०० किमतीच्या फोनमध्ये या कराचा भाग रु. १८,२९० इतका भरतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्क पुन्हा १५ टक्क्यांवर आणले गेले. २०२३ मध्ये रु. १,३४,९०० असलेली आयफोन प्रोची प्रारंभिक किंमत २०२४ मध्ये रु. १,१९,९०० झाली, त्यामागे शुल्ककपातीबरोबरच प्रो मालिकेची भारतात सुरू झालेली जुळणी हीही पार्श्वभूमी होती.

(इ) विनिमय दर : २०१७ च्या अखेरीस एका डॉलरसाठी सुमारे ६५ रुपये मोजावे लागत, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुमारे ८३ रुपये मोजावे लागले. त्यामुळे ९९९ डॉलर ही एकच किंमत रुपयांत सुमारे रु. ६५,००० वरून रु. ८३,००० झाली. अमेरिकेतील जाहीर किमतीत तेथील राज्यांचा विक्रीकर धरलेला नसतो, म्हणून ही तुलना तंतोतंत मानता येणार नाही. तरीही डॉलरमधील किंमत स्थिर असताना रुपयांतील किंमत का वाढते, हे त्यावरून समजते.

थोडक्यात, भारतीय ग्राहक जी वाढीव किंमत देतो तिचा एक भाग तंत्रज्ञानासाठी नसतो. तो शासनाच्या तिजोरीत आणि चलनाच्या घसरणीत जातो. त्या भागाच्या मोबदल्यात फोनच्या गुणवत्तेत कोणतीही भर पडत नाही. फोन जितका महाग, तितकी ही रक्कमही मोठी.

६. गुणवत्ता आणि घटती सीमांत उपयोगिता

आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून घटत्या सीमांत उपयोगितेच्या नियमाची व्यवस्थित मांडणी केली. वस्तूचे नग वाढत जातात तशी प्रत्येक अधिक नगापासून मिळणारी उपयोगिता कमी होत जाते, असा हा नियम आहे. तो नगांच्या बाबतीत सांगितलेला असला, तरी त्यामागील विचार गुणवत्तेच्या बाबतीतही उपयोगी पडतो. २००७ च्या आयफोनमध्ये २ मेगापिक्सेलचा कॅमेरा होता आणि त्यावर चलच्चित्रणाची सोय नव्हती. त्यानंतरच्या दहा वर्षांत झालेली प्रत्येक सुधारणा वापरणाऱ्याला ठळकपणे जाणवत असे. आज छायाचित्र आधीच उत्तम असते. त्यात दहा टक्के सुधारणा झाली तर ती प्रयोगशाळेतील मापनात दिसते, वर्गातील फळ्याचे छायाचित्र काढताना दिसत नाही.

दुसरी बाब अशी की, फ्लॅगशिप फोनमधील वैशिष्ट्ये काही वर्षांत खालच्या श्रेणीत उतरतात. बोटाचा ठसा ओळखण्याची सोय आयफोनमध्ये २०१३ साली आली, तेव्हा ती अपूर्वाई होती. आज ती अल्प किमतीच्या फोनमध्येही असते. सेकंदाला १२० वेळा ताजा होणारा पडदा ॲपलने २०२१ मध्ये केवळ प्रो मालिकेला दिला होता, तो २०२५ मध्ये रु. ८२,९०० किमतीच्या साध्या आयफोन १७ मध्ये आला. इतर कंपन्यांनी तर असा पडदा त्याआधीच मध्यम श्रेणीत आणला होता. म्हणजे ग्राहक फ्लॅगशिपसाठी जी जादा रक्कम देतो, ती बरेचदा वैशिष्ट्यासाठी नसून ते वैशिष्ट्य इतरांच्या आधी मिळावे यासाठी असते.

याचा अर्थ सर्वच फरक नाममात्र आहेत असा नव्हे. दूरचे दृश्य टिपणारे टेलिफोटो भिंग, अंधुक प्रकाशातील चलच्चित्रण आणि दीर्घकाळ जड काम करताना टिकून राहणारा वेग यांत मध्यम श्रेणीचा फोन आजही मागे पडतो. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारा प्राणिशास्त्राचा अभ्यासक, लोककलांचे चित्रण करणारा संशोधक किंवा व्याख्यानांच्या चित्रफिती स्वतः तयार करणारा अध्यापक यांना या फरकाचा प्रत्यक्ष उपयोग होतो. उलट परवानगीने मोडी कागदपत्रांची छायाचित्रे घेणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकाला पुरेसा प्रकाश आणि फोन स्थिर ठेवणारा स्टँड यांची गरज अधिक असते. ही दोन्ही साधने लाख रुपयांच्या फोनहून कितीतरी स्वस्त आहेत. गुणवत्तेतील फरक आहे काय, हा प्रश्न म्हणूनच अपुरा ठरतो. तो फरक आपल्या कामात उतरतो काय, हा खरा प्रश्न होय.

७. आयुर्मान आणि वार्षिक खर्च

महाग फोनच्या समर्थनार्थ सर्वाधिक वेळा दिला जाणारा युक्तिवाद टिकाऊपणाचा आहे. त्यात तथ्य आहे. २०१५ मधील आयफोन ६ एस या फोनला २०२१ पर्यंत कार्यप्रणालीच्या नव्या आवृत्त्या मिळाल्या. अँड्रॉइड फोनना पूर्वी दोन-तीन वर्षेच अशी सोय मिळे. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांचे आश्वासन दिले. यूपीआय व बँकेचे व्यवहार फोनवर होत असल्याने सुरक्षाविषयक अद्ययावतता ही आज चैन नसून गरज आहे.

तथापि हा युक्तिवाद हिशेबाने तपासला पाहिजे. लेखाशास्त्रात यंत्राची किंमत त्याच्या आयुष्यावर विभागून घसारा काढला जातो. तोच न्याय फोनला लावता येतो. उदाहरणादाखल पुढील चार पर्याय विचारात घेऊ. यातील फोनची किंमत, बॅटरी बदलण्याचा खर्च व पुनर्विक्रीची रक्कम ही गृहीतके आहेत. पर्याय (आ) वगळता अखेरीस फोनची किंमत शून्य धरली आहे.

(अ) रु. १,२०,००० चा फोन, सहा वर्षे वापर, एकदा बॅटरी बदल रु. १०,००० : वार्षिक खर्च सुमारे रु. २१,६६७.
(आ) रु. १,२०,००० चा फोन, दर दोन वर्षांनी निम्म्या किमतीस देऊन नवा घेणे : वार्षिक खर्च रु. ३०,०००.
(इ) रु. ६०,००० चा फोन, पाच वर्षे वापर, एकदा बॅटरी बदल रु. ७,००० : वार्षिक खर्च रु. १३,४००.
(ई) रु. ३०,००० चा फोन, चार वर्षे वापर, एकदा बॅटरी बदल रु. ३,००० : वार्षिक खर्च रु. ८,२५०.

या उदाहरणात महाग फोन दीडपट काळ वापरूनही त्याचा वार्षिक खर्च मध्यम श्रेणीच्या फोनच्या अडीचपटीहून अधिक येतो. तो (ई) इतका स्वस्त पडावयाचा असेल तर सुमारे सोळा वर्षे वापरावा लागेल. (इ) शी बरोबरी करण्यासाठीही जवळजवळ दहा वर्षे लागतील. सात वर्षांच्या आश्वासनाच्या पलीकडची ही मुदत आहे. गृहीतके थोडीफार बदलली तरी निष्कर्षाची दिशा बदलत नाही, कारण किंमत चौपट असताना आयुष्य चौपट होत नाही. 'जास्त टिकतो म्हणून स्वस्त पडतो' हे विधान म्हणूनच स्वीकारता येत नाही. महाग फोन जास्त टिकत असेल, पण तरीही तो महागच पडतो.

मात्र याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहणे न्याय्य ठरेल. (अ) आणि (ई) यांतील अंतर वर्षाला सुमारे रु. १३,४००, म्हणजे दरमहा सुमारे रु. १,१०० आहे. उत्तम कॅमेरा व वेग यांसाठी ही रक्कम देणे नियमित वेतन असलेल्या व्यक्तीला अवास्तव वाटणार नाही. (आ) मध्ये मात्र हे अंतर दरमहा रु. १,८०० च्या पुढे जाते. फ्लॅगशिप फोन घेण्यापेक्षाही तो वारंवार बदलणे अधिक खर्चिक आहे, ही या हिशेबातून निघणारी महत्त्वाची बाब होय.

फोन लवकर बदलण्यामागे बरेचदा जुनी झालेली बॅटरी हे कारण असते. लिथियम-आयन बॅटरीची धारणक्षमता रासायनिक बदलांमुळे हळूहळू घटते. आयफोन १४ व त्यापूर्वीच्या फोनसाठी ५०० पूर्ण चार्ज फेऱ्यांनंतर ८० टक्के, तर आयफोन १५ साठी १,००० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता राहील, असे ॲपलने म्हटले आहे. जुन्या बॅटरीच्या फोनचा वेग कमी केल्याची कबुली दिल्यानंतर २०१८ मध्ये या कंपनीने अमेरिकेत बॅटरी बदलण्याचे शुल्क ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणले. त्यानंतर २ जानेवारी २०१९ च्या पत्रात कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी अपेक्षेहून कमी उत्पन्नाची जी कारणे दिली, त्यांत स्वस्तात झालेले बॅटरी बदल हेही एक कारण होते. बॅटरी बदलली तर पुष्कळांना नव्या फोनची गरज भासत नाही, याची याहून स्पष्ट साक्ष सापडणे कठीण आहे.

टिकाऊपणाची ही मक्तेदारीही आता ओसरत आहे. सॅमसंगने मार्च २०२५ मध्ये गॅलेक्सी ए ३६ व ए ५६ या मध्यम श्रेणीच्या फोनसाठी सहा वर्षांचे आश्वासन दिले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार बॅटरीने ८०० फेऱ्यांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखणे आणि महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवणे बंधनकारक आहे. भारतातही डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावरील शासकीय संकेतस्थळ सुरू झाले. स्वस्त फोनचे आयुष्य वाढू लागले की महाग फोनची जमेची बाजू तितकीच कमी होते.

८. प्रतिष्ठामूल्य

हिशेबात न बसणारी किंमत ग्राहक का देतो? थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये प्रदर्शनीय उपभोगाची संकल्पना मांडली. काही वस्तू महाग आहेत म्हणूनच हव्याशा वाटतात, कारण त्या बाळगणाऱ्याची ऐपत दाखवितात. हार्वी लायबेन्स्टाइन यांनी १९५० मध्ये मागणीवरील तीन सामाजिक परिणाम वेगळे करून दाखविले. इतरांकडे आहे म्हणून घेणे, इतरांकडे नाही म्हणून घेणे आणि महाग आहे म्हणून घेणे. फ्लॅगशिप फोनच्या बाबतीत हे तिन्ही परिणाम एकत्र आढळतात. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ॲपलचे भारतातील पहिले विक्री केंद्र सुरू झाले. त्यानंतर नव्या आयफोनच्या विक्रीच्या पहिल्या दिवशी तेथे लागलेल्या रांगा केवळ प्रोसेसरच्या वेगासाठी होत्या, असे म्हणता येणार नाही.

प्रतिष्ठा हीसुद्धा एक प्रकारची उपयोगिताच आहे आणि अर्थशास्त्र तिच्यावर नैतिक निवाडा देत नाही. परंतु या उपयोगितेचा एक विशेष आहे. फ्रेड हर्श यांनी १९७६ मध्ये दाखविल्याप्रमाणे ज्या वस्तूचे मूल्य इतरांच्या तुलनेतील स्थानावर अवलंबून असते, ती वस्तू सर्वांना मिळाली की ते मूल्य नाहीसे होते. फ्लॅगशिप फोनचे स्थान तर दरवर्षी नवा फोन येताच एक पायरी खाली सरकते. कॅमेऱ्याची उपयोगिता सहा वर्षे टिकते, प्रतिष्ठेची उपयोगिता वर्षभरही टिकत नाही. म्हणून प्रतिष्ठेसाठी दिलेल्या रकमेचा घसारा सर्वांत जलद होतो.

९. हप्ते आणि पर्यायी खर्च

पूर्वी महाग वस्तूसाठी बचत करावी लागे. आज ती हप्त्यांवर त्याच दिवशी घरी येते. 'विनाव्याज हप्ते' या नावाने दिल्या जाणाऱ्या योजनांत व्याज प्रत्यक्षात आकारलेले असते व तेवढी सूट किमतीत दाखविली जाते. प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरील वस्तू व सेवा कर ग्राहकावर पडू शकतो. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसल्याचे बँकांच्या निदर्शनास आणले होते. हप्त्यामुळे किंमत कमी होत नाही, केवळ ती जाणवण्याची तीव्रता कमी होते. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर हप्ता बहुधा पालकांच्या उत्पन्नातून जातो.

अर्थशास्त्रात कोणत्याही निवडीचा खरा खर्च म्हणजे त्या निवडीसाठी सोडून दिलेला पर्याय. रु. १,२०,००० ऐवजी रु. ३०,००० चा फोन घेतल्यास रु. ९०,००० शिल्लक राहतात. एवढ्या रकमेत अभ्यासासाठी चांगला लॅपटॉप आणि संदर्भग्रंथ घेता येतात. ती ७ टक्के चक्रवाढ दराने गुंतविल्यास सहा वर्षांत सुमारे रु. १,३५,००० होतात. ज्या घरात एका फोनवर तीन भावंडांचा अभ्यास चालतो, तेथे याच रकमेतून तिघांसाठी स्वतंत्र फोन येऊ शकतात. २०२० मध्ये महाविद्यालये बंद असताना कोणाकडे कोणता फोन आहे यापेक्षा कोणाकडे फोन आहे आणि कोणाकडे नाही, हा भेद किती निर्णायक असतो, याचा अनुभव अध्यापकवर्गाने घेतला आहे.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.
(१) फ्लॅगशिप फोनच्या किमतीत २०१७ मध्ये मोठी उडी झाली. त्यानंतरची वाढ प्रामुख्याने नव्या उच्च श्रेणींमुळे आणि भारतात कर व विनिमय दरामुळे झाली आहे.
(२) फोनच्या गुणवत्तेत दरवर्षी भर पडते, परंतु सामान्य वापरात त्या भरीची उपयोगिता घटत चालली आहे.
(३) अधिक आयुर्मानामुळे महाग फोन स्वस्त पडतो, हे मत वार्षिक खर्चाच्या आधारे सिद्ध होत नाही.
(४) ज्यांच्या संशोधनात, अध्यापनात किंवा उपजीविकेत कॅमेरा व चलच्चित्रण यांचा नित्य उपयोग आहे आणि जे फोन सहा-सात वर्षे वापरतात, त्यांच्यासाठी ही किंमत समर्थनीय ठरू शकते.
(५) दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्या, तसेच हप्त्यांवर तो घेणाऱ्या ग्राहकासाठी ही किंमत उपयोगितेपेक्षा अधिक आहे.

११. समारोप

फ्लॅगशिप स्मार्टफोन हा आधुनिक तंत्रज्ञानाचा उत्कृष्ट आविष्कार आहे, यात शंका नाही. तथापि उत्कृष्टता आणि आवश्यकता या दोन भिन्न गोष्टी आहेत. खरेदीपूर्वी ग्राहकाने चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. फोन किती वर्षे वापरणार, त्याला तितकी वर्षे सुरक्षाविषयक अद्ययावतता मिळणार काय, बॅटरी व पडदा बदलण्यास किती खर्च येईल, आणि स्वस्त फोनवर न होणारे कोणते काम या फोनवर करावयाचे आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सापडत नसेल, तर जादा किंमत कशासाठी दिली जात आहे हे आपोआप स्पष्ट होते. वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांनी घसारा आणि पर्यायी खर्च या संकल्पना शिकविताना विद्यार्थ्यांच्या हातातील फोनचेच उदाहरण घेतल्यास ग्राहकशिक्षणाचे मोठे काम साध्य होईल. ज्या विद्यार्थ्याने आपल्या फोनचा वार्षिक खर्च एकदा स्वतः काढला, तो पुढील फोन घेताना जाहिरातीपेक्षा त्या आकड्याकडे आधी पाहील.